कागदावरचं काळं फळ

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, सहीच्या जागी अंगठा लावायचे, आणि माय तर अंगठा लावून झाला की शाई पदराला न पुसता भिंतीला पुसायची, पदर खराब होतो म्हणून. मी जळगावला होस्टेलात राहून बी.ए. झाले, तेही इंग्रजी विषय घेऊन. ही गोष्ट कुणी विचारलं नाही तरी मी आजही सांगते. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना यात बढाई वाटते. वाटू दे. या प्रकरणात मात्र मला एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. तो शब्द मला येत नव्हता, आणि येत नाही एवढं सांगायला मला फेब्रुवारीपासून जूनपर्यंतचा काळ लागला.

पदवी घेऊन मी गावी परत आले होते. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुडा अगदी डोक्याशी आल्यासारखा वाटतो तिथे आमचं गाव. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, पुढे सारवलेला ओटा, मागे न्हाणी आणि शेवग्याचं झाड. बी.एड.चे अर्ज टाकलेले, दोन-तीन शाळांना पत्रं लिहिलेली. रोज अकराच्या सुमाराला पोस्टमनची सायकल मारुतीच्या पारापासून वळायची आणि आमच्या दारावरून घंटी न वाजवता पुढे जायची. ती जाईपर्यंत मी ओट्यावर, ती गेली की मागच्या दारात, तिथून पुन्हा ओट्यावर. पिठाच्या गिरणीची पुकपुक दुपारभर चालायची आणि ती बंद झाली की मला उलट जास्तच अस्वस्थ वाटायचं. पुस्तक धरलं तर एक पान पुढे जायचं नाही. भाकरी थापायला बसले तर एकीकडून जाड, एकीकडून पातळ. अक्का म्हणायची, "हाई पोरगीना पायले भवरा बांधेल शे. बस ना माय एक जागे!"

अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. काळी, उंच, हाताची हाडं पुरुषासारखी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिच्यासारखी कुणाची फुगायची नाही. रानातलं कुठलं झाड कधी फुलतं, कुठल्या नाल्याला कसली भाजी उगवते, कशाचा पाला कशावर बांधतात, हे तिला आमच्या घरच्या डब्यांइतकं पाठ होतं. मी कॉलेजला जायची तेव्हा माझी पेटी एस.टी.च्या टपावर तीच चढवायची, कंडक्टरला हात लावू द्यायची नाही. "पुस्तकं शेतस त्यामां," असं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

आता एक लाज सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. आमच्या अहिराणीत 'ळ' नाही, त्याचा 'य' होतो. केळ म्हणजे केय, काळं म्हणजे कायं, डोळा म्हणजे डोया. होस्टेलात पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या पंगतीत मी "माझं केय कुठंय?" असं विचारलं आणि सगळी पंगत हसली. पुढे वर्षभर त्या मुली मला 'केय' म्हणूनच हाक मारायच्या. तेव्हापासून मी 'ळ' असा घोटला, की आज माझ्या तोंडचा ळ ऐकून लोक विचारतात, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का? गावी आल्यावरही मी घरात अहिराणी बोलायचं बंद केलं होतं. माय विचारायची अहिराणीत, मी उत्तर द्यायची शुद्ध मराठीत. कुणी त्याबद्दल काही बोलत नव्हतं. उलट नानांना ते आवडायचं.

नाना केळी कापणाऱ्या टोळीत होते. पहाटे विळा घेऊन निघायचे, घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, पानं अंथरून ट्रकमध्ये रचायचा. त्यांच्या एकाही सदऱ्याचा खांदा पांढरा नव्हता. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग कशानेही जात नाही. रोज चार-पाच केळी ते तिथेच खायचे, आणि येताना एक फणी पिशवीत. सकाळी भाकरीबरोबर केळ, दुपारी नुसतं केळ, रात्री दुधात कुस्करून केळ. "आपन केयीवर जगेल मानसं," असं ते अभिमानाने सांगायचे. त्या थंडीत त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम भरेना. हळद झाली, कसला कसला पाला झाला, चोपड्याची मलमपट्टी झाली. करंगळीशेजारचं बोट काळं पडायला लागलं तेव्हा चुलतभाऊ त्यांना शिरपूरवरून धुळ्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. संध्याकाळच्या गाडीने दोघे परत आले ते साखरेच्या आजाराचं नाव, गोळ्यांच्या दोन पट्ट्या आणि एक छापील कागद घेऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल.

नाना ओट्यावर बसले. माय, अक्का, मी, शेजारच्या दोन बाया, सगळे भोवती. नानांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून तो कागद काढला, उलगडला, आणि देवळातला प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

"निमी, वाच बरं. बठ्ठं वाच, काही सोडू नको."

माझ्या पदवीचं ते पहिलं काम होतं. कागद गुळगुळीत, इंग्रजीत छापलेला, कडेला एका हसऱ्या गोऱ्या म्हाताऱ्याचं चित्र. कुठल्याशा औषधवाल्यांनी वाटलेला. दोन रकाने होते. काय खाऊ नये त्या रकान्यात साखर, गूळ, बटाटा, आंबा. मी वाचत गेले. पुढचं नाव केळ्याचं होतं. तिथे माझा आवाज बारीक झाला. नानांनी मान खाली घातली, मग म्हणाले, "व्हय, डाक्टर बी तेच म्हने." दुसऱ्या रकान्यात काय खावं ते होतं. तिथे तपकिरी पाव होता, त्याची मी भाकरी केली. सॅलडचा कुठलासा पाला होता, त्याची मेथी केली. माझं चांगलं चाललं होतं. शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या. मग नानांनी विचारलं, "फय? फय काय खाऊ ते सांग. एक तरी फय व्हई ना त्यामां?"

फळांत दोनच नावं होती. पहिलं सफरचंद. नाना म्हणाले, "ते दवाखानामां भेटाले जातस त्यानं फय. दुसरं?"

दुसरं होतं ब्लॅकबेरी.

मी हा शब्द पहिल्यांदा पाहत नव्हते, हीच तर गंमत. तीन वर्षांत अभ्यासाला असलेल्या दोन-तीन कवितांत तो मला भेटला होता. कुणीतरी कुंपणाकडेने चालतंय, कुणाचं तोंड काळं झालंय. पण आम्ही सगळ्याजणी कविता गाईडातून करायचो, आणि गाईडात त्या शब्दापुढे छापलेलं होतं, 'एक प्रकारचे फळ'. मी तेवढं पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले. तीन वर्षांत एकदाही मला वाटलं नव्हतं की हे फळ कुणी कधी हातात घेतं, खातं, त्याला चव असते, आणि एक दिवस माझा बाप मला विचारणार आहे, ते कुठलं?

"ब्लॅकबेरी," मी म्हणाले. "ब्लॅक म्हणजे काळं."

अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बेरी-फेरी माले समजत नही. पन काया फय, आनि साखरना रोगले चालस, म्हंजे जांभूय. मनी सासू बिया दयीसन दे."

तिने तो शब्द उच्चारला तसा, य लावून, जांभूय. मला होस्टेलची पंगत आठवली. एवढ्या गुळगुळीत कागदावरचं, कवितेतलं, इंग्रजी फळ. ते आमच्या नाल्यावरचं जांभूय कसं असेल? गावातली शेळीही ज्याच्याकडे बघत नाही ते? माझ्या डोळ्यांपुढे होस्टेलातली नाशिककडची एक मैत्रीण आली. ती सुट्टीवरून येताना कागदाच्या बारीक कातरणात ठेवलेले काळ्या द्राक्षांचे घोस आणायची. चकाकणारे, महाग, खोक्यातले.

"जांभूळ नाही, अक्का," मी म्हणाले. ळ अगदी जोर देऊन. "ते वेगळं. ब्लॅकबेरी म्हणजे काळी द्राक्षं."

"द्राक्षं?" नानांनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा उजळला, की आत्ता लिहितानाही मला पेन ठेवावंसं वाटतंय. "द्राक्षं चालतीन?"

"इथे लिहिलंय," मी म्हणाले.

अक्काने खांदे उडवले. "शिकेल मानूस सांगस तं खरंच व्हई."

दुसऱ्याच दिवशी माय चोपड्याच्या बाजारातून काळी द्राक्षं घेऊन आली. नाना केळ्याला शिवायचे नाहीत, खरंच शिवायचे नाहीत. टोळीबरोबर पाय ओढत जायचे, घड कापायचे, आणि दुपारी झाडाखाली बसून फडक्यातली द्राक्षं एकेक करून खायचे. घरी आल्यावर पुन्हा एक घोस. खाताना डोळे मिटायचे. "वा! इंग्रज काय मूरख नही," म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी पेटीतून शाळेतला छोटा शब्दकोश काढला. आधी का नाही काढला, हे मला बरेच जण विचारतात. सगळ्यांसमोर शब्दकोश उघडणं म्हणजे येत नाही म्हणून सांगणंच की. पान सापडलं. लिहिलं होतं, 'एक काटेरी झुडूप. त्याचे काळे फळ'.

काटेरी. द्राक्षाच्या वेलीला काटे नसतात हे मला ठाऊक होतं. मी शब्दकोश मिटला, पेटीत साड्यांच्या खाली ठेवला आणि स्वतःला सांगितलं की छोट्या शब्दकोशात सगळं बरोबर असतंच असं नाही. मग ओट्यावर गेले, तिथून मागच्या दारात, तिथून पुन्हा ओट्यावर. त्या दिवसापासून मला बसवेना. नाना द्राक्षं खायला लागले की मी घागर घेऊन पाण्याला जायची, घागर भरलेली असली तरी. रोज संध्याकाळी माय त्यांच्या पायाची पट्टी सोडायची तेव्हा मी चुलीपुढे तोंड करून बसायची. वासावरून कळायचं. उद्या सांगू, असं रोज ठरवायची, आणि उद्या नानाच कुणाला तरी सांगत असायचे, "मनी आंडेरनी वाचीसन सांगं. तिले बठ्ठं इंग्रजी येस." आंडेर म्हणजे लेक. मग कुठलं सांगणं.

पुढच्या खेपेला धुळ्याला मी नानांबरोबर गेले. डॉक्टर पन्नाशीचे, घाईतले, चांगले होते. त्यांनी पट्टी सोडली, बोट दाबलं, नानांना काही जाणवलंच नाही. रक्ताचा कागद पाहिला आणि तो टेबलावर आपटला.

"साखर वाढली कशी? कागद दिला होता ना मी?"

"दिधा व्हता साहेब."

"मग? घरात वाचणारं कुणी नाही का?"

नाना खुर्चीत सरळ झाले. इतक्या दुखण्यातही सरळ झाले. "शे ना साहेब. हाई मनी आंडेर. बी.ए. शे. इंग्रजीमां."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात शब्द आले होते, अगदी दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात नाना म्हणाले,

"तिनी बराबर सांगं व्हतं. मीच केयं खादी साहेब. चोरीसन."

डॉक्टर हसले, पण वैतागून. "तुम्ही केळीवाले सगळे सारखेच. सोन्यासारखी पोरगी आहे घरात, तिचं ऐकायचं नाही? आणि बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. लक्ष ठेवायला नको?"

मी म्हणाले, "हो."

एवढा एकच शब्द मी त्या खोलीत बोलले. परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले होते, मी शेजारी. नाना असं का बोलले ते विचारायची मला हिंमत नव्हती. त्यांना खरं काय ते कळलंय की नाही, हेसुद्धा मला कळत नव्हतं.

चैत्रात ते बोट काढलं. नाना घरी आले आणि घराने त्यांना केळ्यांचा चोर ठरवलं. माय रोज संध्याकाळी त्यांची पिशवी उलटी करून झटकायची, त्यांची बोटं हुंगायची. अक्का जेवताना ताट जरा आपटूनच पुढे सरकवायची. "जीभ पायपेक्षा मोठी शे ह्यानी, त्याले कोन काय करी?" टोळीतली माणसं भेटायला आली तीसुद्धा, "नाना, केय दिसनं का तोंड फिराडी ल्या," म्हणून हसवून गेली. नानाही हसले. सगळा उन्हाळा त्यांनी हे ऐकून घेतलं. ज्या माणसाने केळीच्या बागेत उभं राहून एक केळ तोंडात टाकलं नव्हतं, त्याने. आणि मी? उन्हं अशी होती की पत्रा दुपारी कडकड वाजायचा. मी त्या आवाजात घरभर फिरायची. बी.एड.चं पत्र आलं, धुळ्यालाच प्रवेश मिळाला होता. घरात पेढे वाटले. नानांनी पेढा हातात घेतला, मायकडे पाहिलं आणि परत ताटात ठेवला. मला आनंद झाला नाही. इथून कधी एकदा निघते असं झालं होतं, आणि असं न सांगता निघाले तर कुठेच पोचणार नाही असंही वाटत होतं.

जून लागला. एका सकाळी अक्का जुनं लुगडं आणि लांब काठी घेऊन नाल्यावर गेली आणि डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीवर पळसाची पानं, खाली जांभळं. चांगली अंगठ्याएवढी, इतकी पिकलेली की पानांना जांभळे ओघळ सुटले होते. तिने टोपली ओट्यावर ठेवली. नाना खाटेवर पाय लांब करून बसले होते. माय तांदूळ निवडत होती. अक्काने एक जांभूळ उचललं, नानांकडे न्यायला हात पुढे केला आणि थांबली.

"निमी," ती म्हणाली, "तुना त्या कागदमां जांभूय शे का नही, सांग बरं. नानाले देऊ का नको?"

टोमणा असता तर सोपं झालं असतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बोट गेल्यापासून ती खरोखरच धास्तावली होती, आणि मला विचारल्याशिवाय नानांना काही देत नव्हती. सासूला बिया दळताना डोळ्यांनी पाहिलेली बाई मला विचारत होती, जांभूळ देऊ का.

"माले ठाऊक नही, अक्का," मी म्हणाले.

कितीतरी महिन्यांनी मी घरात अहिराणी बोलले होते. मायने सूप खाली ठेवलं.

"त्या दिनले बी ठाऊक नव्हतं. त्या शब्दना अर्थ माले येतच नही. मी सांगी दिधं, द्राक्षं. नानानी केयं खादी नहीत. एक बी नही. मना सांगावरथीन द्राक्षं खादी." आणि मग शब्दकोशाचंही सांगितलं, काट्यांचंही सांगितलं, डॉक्टरांपुढे मी 'हो' म्हणाले तेही सांगितलं. थांबताच येईना.

माशा टोपलीवर बसल्या, कुणी हाकलल्या नाहीत. मायने नानांकडे असं पाहिलं, जणू सगळा उन्हाळा त्यांची बोटं हुंगली ती तिला आता एकदम परत करायची होती. शेवटी नाना खाटेवरून म्हणाले,

"मंग? ग्वाड तं व्हतीत."

मी रडायला लागले होते, ते थांबलं. नाना पुढे म्हणाले, "द्राक्ष ग्वाड शे, साखर ग्वाड शे. एवढं तं बी.ए.ना बिगर बी समजस, निमी. पयला घोस खादा तवयच माले वाटनं, हाई काय खरं नही. पन तू म्हननी, आनि माले बी तेच आयकानं व्हतं."

म्हणजे चूक माझी एकटीची नव्हती. पण त्याने माझा वाटा कमी होतो असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अक्काने हातातलं जांभूळ टोपलीत परत टाकलं. "आते इचारी या डाक्टरले," ती म्हणाली. "तवलगून कोनीच तोंडमां टाकानं नही." आणि खरंच, त्या दिवशी आमच्या घरात टोपलीभर पिकल्या जांभळांना कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो, नाना आणि मी. अक्काने मूठभर जांभळं रुमालात बांधून दिली, डॉक्टरला दाखवायला. शिरपूरपर्यंत ती फुटली आणि माझ्या एकुलत्या एक चांगल्या साडीवर, मांडीच्या जागी, मोठा जांभळा डाग पडला. तशीच गेले. डॉक्टरांच्या टेबलावर मी तो रुमाल सोडला, शेजारी तो गुळगुळीत कागद ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर, ब्लॅकबेरी म्हणजे काय?"

"कुठली ब्लॅकबेरी?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. मला वाटतं, पहिल्यांदाच वाचला. "हे औषधवाले छापून देतात," ते म्हणाले. "तिकडचं काहीतरी असणार. मी पण पाहिलेलं नाही."

मग मी त्यांना द्राक्षांचं सांगितलं. त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना छताच्या पंख्याकडे बघत होते. "द्राक्षांमुळेच बोट गेलं का?" मी विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा नानांच्या पायाकडे पाहिलं. "सांगता येणार नाही. जखम आधीच खोल होती," ते म्हणाले. मग त्यांनी रुमालातलं एक न फुटलेलं जांभूळ उचलून तोंडात टाकलं, बी हातात काढून घेतली. "हे चालेल. जेवणानंतर मूठभर, टोपलीभर नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि बियांच्या पुडीवर विसंबून राहायचं नाही. कळलं?"

"त्या अक्काले सांगना पडी," नाना म्हणाले.

घरी आल्यावर अक्काने पुन्हा ताजी जांभळं पाडून आणली. दोन परातींत मिठाबरोबर घेऊन वरखाली झुलवली, तशी ती मऊ पडतात आणि त्यांचा तुरटपणा मरतो. नानांना तिने मोजून मूठभर दिली, तिच्या मुठीने, म्हणजे भरपूर. ते एकेक जांभूळ जिभेखाली धरायचे, गर सोडवायचे, बी चोखून अगदी पांढरी करायचे. जांभूळ द्राक्षासारखं लगेच आपलं होत नाही. आधी घशाला धरतं, जीभ जाड करतं, मग हळूच गोड होतं. मी लहानपणापासून खात आले होते, पण चव पहिल्यांदा त्या दिवशी घेतली. संपल्यावर नानांनी जीभ बाहेर काढून दाखवली, चांगली जांभळी. "देख, निमी. आते चोरी करता येवाव नही." माय हसली, चैत्रानंतर पहिल्यांदा. पावसाळा येईस्तोवर रोज हेच. नाना पुढे बरीच वर्षं जगले, नऊ बोटांवर, दर जूनला डॉक्टरांनी सांगितलेली मूठ अक्काच्या हाताने मोजून घेत.

मी धुळ्याला शिक्षिका झाले, इंग्रजीच शिकवलं, निवृत्त झाले. गाईड मी वर्गात येऊ दिलं नाही, त्यावरून पालकांशी भांडणंही झाली. नानांची साखर आता माझ्या रक्तात आहे, तीच पथ्यं, तशाच गोळ्या. मागच्या महिन्यात पुण्याहून मुलगी आली, तिने पिशवीतून प्लॅस्टिकचा लहानसा डबा काढला. "आई, तुला चालतं हे. साखर कमी असते, चोथा भरपूर." मी चष्मा लावून वरची चिठ्ठी वाचली. इतक्या वर्षांनी, सगळं आयुष्य या शब्दावरून घासून गेल्यावर, तो माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर येऊन बसला होता.

द्राक्षासारखं नव्हतं ते. जांभळासारखंही नव्हतं, म्हणजे अक्काचंही चुकलंच होतं. फक्त तिच्या चुकीने कुणाचं काही बिघडलं नसतं. छोटे छोटे काळे मणी एकाला एक चिकटवल्यासारखं, थोडंसं तुतीसारखं, आणि इतकं हलकं की बोटात धरताना चिरडेल अशी भीती वाटावी. मी एक तोंडात टाकलं. आंबट आलं, त्याच्या मागून जराशी गोडी, मग दातात बारीक बिया. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी इंग्रजीची बाई, शब्द मला यायलाच हवेत.

"कसं आहे गं?" तिने विचारलं. "कशासारखं लागतं?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. "थांब, अजून एक खाऊ दे."